दर वाढवला, पण काम काढून घेतलं!

मैत्रिणींनो, वर्तमानपत्रात 'किमान वेतन' हे शब्द दिसले की तुम्ही काय करता? मी तरी आजवर पान उलटून पाककृतीकडे वळत आले. कारखाने, युनियन, मोर्चे, मंत्र्यांची आश्वासने, यात घर सांभाळणाऱ्या बाईचं काय काम, असंच मला वाटायचं. पण गेल्या दिवाळीनंतर हाच प्रश्न आमच्या मोरीपाशी येऊन उभा राहिला, आणि त्याला उत्तर देताना मी अगदी साफ चुकले. ती चूक आज तुम्हाला सांगायची आहे.

आम्ही जतला राहतो. जत म्हणजे सांगली जिल्ह्याचं अगदी पूर्वेचं टोक. पलीकडे कर्नाटक. पाऊस कमी, ऊन रग्गड, आणि पाण्याची वाट बघण्यात पिढ्या गेलेल्या. आमच्याकडे भांडी, केर-फरशी आणि कपडे अशा तीन कामांना एक मावशी येतात. पूर्वेकडच्या एका खेड्यातून पोटासाठी गावात आलेल्या. बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी. नवऱ्याच्या कमरेला मार बसल्यापासून तो घरीच. चार घरची कामं करून मावशी संसार ओढतात. आमच्या घरचे त्यांना नऊशे रुपये होते, म्हणजे एका कामाचे तीनशे.

दिवाळीनंतर एक दिवस भांडी पालथी घालून झाल्यावर त्या पदराला हात पुसत म्हणाल्या, "वैनी, आता नवशात भागंना झालंय. येत्या महिन्यापासून बाराशे करा."

मी मनातल्या मनात हिशेब केला. नुकतंच दिवाळीत धुण्याचं मशीन घेतलं होतं. मी मोठ्या मनाचा आव आणून म्हटलं, "मावशी, कामाला चारशे म्हणताय ना? चारशे देते. पण आता मशीन आलंय, कपडे नकोत."

मावशींनी बोटांवर मोजलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "म्हंजी आठशेच की वो! वाढवून मागितलं, तर शंभर कमीच झालं."

पुढे काही बोलल्या नाहीत. चपला घालून निघून गेल्या. आणि मी मात्र मनाशी म्हणत राहिले, 'दर तर वाढवला! तीनशेचे चारशे केले. आणखी काय करायचं?'

जेवणाच्या ताटावरचा वाद

रात्री जेवताना मी हे घरात सांगितलं. आमच्या यजमानांचं मत ठरलेलं. ते म्हणाले, "बरोबरच आहे तुझं. मजुरी वाढली की काम कमी होतं. हा बाजाराचा नियम आहे."

त्या दिवशी धाकटे दीरही जेवायला होते. ते घरची डाळिंबाची बाग बघतात. त्यांनी त्यात भर घातली. "वहिनी, सरकार मुंबईत बसून दर ठरवतं. इथे झाडाला तेल्या पडला की त्या वर्षी बागेची औषधंसुद्धा अंगावर येतात. मग मी बायका बोलवायच्या कशा? दहाच्या जागी सहाच बोलावणार."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. लहान बागायतदार काही गिरणीमालक नसतो. पण त्याच बागेत बाईला तीनशे आणि गड्याला पाचशे देतात, हे मला ठाऊक होतं. छाटणीला, फवारणीला गडी लागतो, म्हणून जास्त, असं त्याचं कारण सांगतात. पण खुरपणीला दोघं एकाच ओळीत बसली, तरी दर बदलत नाही!

इतका वेळ सासूबाई गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "आम्ही बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली. मिलो खाल्ला, सुकडी खाल्ली. पण मुकादम माप घ्यायचा तवा दगडाला इचारत नव्हता, तुला बाईनं फोडलं का बाप्यानं. मापाला पैसा. बाई-गडी सारखं."

एवढं बोलून त्या ताक भुरकू लागल्या. मला मात्र त्या मापानं झोप लागू दिली नाही.

आपल्याच जिल्ह्यातला हिशेब

मी बी.ए. झाले तेव्हा रोजगार हमी योजनेवर चार ओळींची टीप लिहिली होती. आता ती नव्याने वाचली. या योजनेची कल्पना मांडणारे वि. स. पागे हे आमच्या सांगली जिल्ह्यातलेच. विधान परिषदेचे ते सभापती होते. १९६५च्या सुमारास तासगाव तालुक्यातल्या विसापूरला त्यांनी या विचाराचा प्रयोग केला. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, १९७२ साली, ही योजना राज्यासाठी आली. १९७७ला तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो अमलात आला.

कल्पना अगदी साधी आहे. गावातला जो कोणी अंगमेहनतीचं काम मागेल, त्याला सरकारने ते दिलंच पाहिजे. पाझर तलाव, रस्ते, नालाबंडिंग अशी ती कामं. दाम केलेल्या कामाच्या मापाने, बाईला आणि पुरुषाला एकाच दराने. या कामांवर बायका फार मोठ्या संख्येने आल्या, यात नवल ते काय?

आता तुमच्या-माझ्या घराशी याचा संबंध सांगते. यजमानांच्या पगाराच्या पावतीवर 'व्यवसाय कर' अशी कपात असते ना? महिना दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, वर्षाला जास्तीत जास्त अडीच हजार. हा कर १९७५ साली रोजगार हमीसाठी म्हणून लावला गेला. म्हणजे शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या बेकार हातांचा भार थोडा उचलायचा. मी ही पावती इतकी वर्षं फाइलला लावत आले, पण त्या कपातीचं मूळ खडी फोडणाऱ्या बायकांपाशी आहे, हे कधी ध्यानात आलं नव्हतं.

यातली खुबी बघा. गावात सरकारी कामावर ठरलेली मजुरी मिळत असेल, तर शेतावरची बाई म्हणू शकते, 'एवढी देत असाल तर येते, नाहीतर मी चालले तिकडे.' किमान वेतनाचा कायदा १९४८पासून होता. पण शेतमजूर बाई कायद्याचं पुस्तक काखेत घेऊन मालकाच्या दारात जात नाही. तिच्या हाती दुसरं काम असलं, तरच तिच्या 'नाही'ला किंमत येते.

अठ्ठ्याऐंशी साली काय झालं?

आणि इथेच मला माझी चूक सापडली.

१९८८ साली महाराष्ट्रात शेतमजुरांचं किमान वेतन जवळजवळ दुप्पट करण्यात आलं. त्याबरोबर रोजगार हमीचे दरही चढले. आनंदाचीच गोष्ट. पण पुढच्या काळात या कामांवरची माणसं बरीच घटली. यावरून तज्ज्ञांमध्ये पुष्कळ वाद झाले. पाऊस चांगला झाला म्हणून मजूर आले नाहीत, असं काहींनी म्हटलं. रॅव्हेलियन, दत्त आणि चौधरी या अर्थतज्ज्ञांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष मात्र वेगळा होता. दर वाढल्यावर मागेल त्याला काम देण्याची जी हमी होती, तीच सैल पडली. ज्यांना काम हवं होतं, त्यांतल्या कित्येकांना ते मिळेना.

म्हणजे कागदावर दर दुप्पट, आणि कितीतरी हातांना कामच नाही!

मैत्रिणींनो, हे वाचलं आणि मला मावशींची बोटं आठवली. मीही तेच केलं होतं. तीनशेचे चारशे केले, आणि तिसरं काम काढून घेतलं. दर वाढवल्याचं श्रेय माझ्या पदरात आणि शंभराचा तोटा त्यांच्या!

मग यजमानांचं म्हणणंच खरं का? मजुरी वाढवूच नये का? मला तसं वाटत नाही. अठ्ठ्याऐंशीचा धडा असा की, दर आणि कामाची हमी या जात्याच्या दोन तळ्या आहेत. एकटी तळी फिरवून दळण पडत नाही. दर वाढवायचा तर त्यासाठीचा पैसाही वाढवून ठेवावा लागतो. नाहीतर एकीच्या पदरात घातलेलं दुसरीच्या पदरातून काढलेलं असतं. दीरांच्या तेल्याचं उत्तरही यातच आहे. पडत्या वर्षात सगळा भार एकट्या बागायतदाराच्या खांद्यावर टाकून चालणार नाही. त्या वर्षी गावात सरकारी काम निघालं पाहिजे. पण म्हणून बाईने चांगल्या वर्षातही तीनशेतच राहायचं, हा कुठला न्याय?

न्यायालयानेही यावर स्पष्ट बोलून ठेवलं आहे. दिल्लीत एशियाडच्या बांधकामांवर मजुरांना कमी पैसे दिले जात होते. त्या प्रकरणात १९८२ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं की, किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं ही वेठबिगारीच आहे. राजस्थानातल्या दुष्काळी कामांच्या बाबतीत १९८३ साली त्याच न्यायालयाने सांगितलं की, दुष्काळ आहे म्हणून सरकारलाही किमान वेतनाला कात्री लावता येणार नाही. गरजू माणूस कमी पैशात राजी झाला, म्हणून ते योग्य ठरत नाही. सासूबाईंच्या भाषेत सांगायचं, तर भुकेल्यापुढे माप खोटं करू नये.

बाईचं पोट पाऊण?

आता मला प्रश्न पडला, की 'किमान' म्हणजे नक्की किती? हे कोण ठरवतं आणि कशावरून?

उत्तर वाचून मला हसूच आलं. तो हिशेब म्हणजे आपलीच महिन्याची वही! १९५७ साली भारतीय श्रम परिषदेच्या पंधराव्या अधिवेशनात हा ठोकताळा बसवला गेला. एका कमावत्यामागे खाणारी 'तीन एककं' धरायची. माणशी रोजचे २७०० उष्मांक. माणशी वर्षाला १८ वार कापड, म्हणजे चौघांना ७२ वार. शिवाय घरभाडं. आणि जळण, दिवाबत्ती, किरकोळ खर्च मिळून एकूण वेतनाचा पाचवा हिस्सा. मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार यांचा यात पत्ताच नव्हता. त्यासाठी आणखी पंचवीस टक्के धरावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितलं.

पण ही तीन एककं कशी होतात, ते ऐका. नवरा एक. बायको ०.८. आणि दोन मुलं प्रत्येकी ०.६. म्हणजे बाईचं पोट पुरुषापेक्षा लहान! खडी फोडणारी असो, की पहाटे पाचला उठून चार घरची धुणी करणारी असो, तिला पाऊण भाकरीहून थोडं जास्त. त्यात बाईची कमाई हिशेबात धरायची नाही, असंही ठरलेलं होतं. हेतू चांगला होता. एकाच्या पगारात घर भागावं, बायकामुलांना राबावं लागू नये, असा. पण त्यातून एक समज मात्र पक्का झाला, की घर चालवतो तो पुरुष आणि बाई कमावते ती वरखर्चापुरती. मग तिला कमी दिलं तर बिघडलं कुठे? समान कामाला समान मोबदला देण्याचा कायदा १९७६ साली झाला. हे जुने कायदे २०१९च्या वेतन संहितेत सामावले गेले. पण बाईचे तीनशे अजून तीनशेच!

दर किती असावा, यावरही एकमत नाही. केंद्र सरकारने नेमलेल्या अनुप सत्पथी यांच्या तज्ज्ञ समितीने जानेवारी २०१९मध्ये अहवाल दिला. जुलै २०१८च्या भावांप्रमाणे देशभरासाठी रोज ३७५ रुपये हा आकडा तिने काढला. त्याच वर्षी सरकारने जाहीर केलेला तळाचा दर होता १७८ रुपये. ग्रामीण रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी २०२४-२५मध्ये २९७ आणि २०२५-२६मध्ये ३१२ रुपये ठरली. आकड्यांची ही ओढाताण बघितली की कळतं, हिशेब चुकत नाही, तो मान्य करायचं धैर्य कमी पडतं.

माझीही पाळी आली

याच दिवसांत माझ्यावरही एक प्रसंग आला. मी एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. तासाला पंचाहत्तर रुपये. सुट्टीचे पैसे नाहीत, मे महिन्याचे नाहीत, आणि पेपर तपासणी 'आपलीच शाळा' म्हणून फुकट. आम्ही पाच जणी अशा आहोत. दर वाढवावा म्हणून आम्ही चिटणिसांना भेटलो. ते गोड हसून म्हणाले, "बाई, वाढवू की. पण मग तास कमी करावे लागतील."

मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. हे वाक्य मी कुठे ऐकलं होतं? ऐकलं नव्हतं, मीच बोलले होते, आमच्या मोरीपाशी!

त्या संध्याकाळी मी वही उघडली आणि आपल्या घरचा काढते तसा मावशींचा महिना मांडला. ज्वारी, तांदूळ, तूरडाळ, तेल, चहा-साखर, गॅस, खोलीचं भाडं, विजेचं बिल, मुलाच्या वह्या, नवऱ्याची औषधं. रेशनवर मिळतं ते वजा केलं. तरी चार घरच्या पैशांत तो महिना विसाव्या तारखेलाच संपत होता. त्यापुढचे दहा दिवस त्या कशा काढतात, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

घरकामगार बायकांना आपल्या राज्यात अजून खूप वाट चालायची आहे. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी उत्स्फूर्त संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. २००८ साली महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. त्यात नोंदणी आहे, अपघातात आणि बाळंतपणात मदत आहे. पण घरोघरी महिन्याला किमान किती द्यायचे, ते त्यात नाही. म्हणजे ते ठरवणारा कायदा कोण? तुम्ही आणि मी!

एवढं तरी करूया

मी आमच्या घरात काही गोष्टी ठरवल्या आहेत. तुम्हाला पटल्या तर बघा.

पहिली, पगारवाढीची तारीख. दरवर्षी पाडव्याला वाढ करायची. मावशींनी तोंड उघडून मागायची वाट बघायची नाही. मागणाऱ्याला किती संकोच होतो, ते चिटणिसांपुढे उभी राहिले तेव्हा मला कळलं.

दुसरी, सुट्टी. महिन्याला चार खाडे भरपगारी. आजारपणात पैसे कापायचे नाहीत. आपण माहेरी गेलो आणि घर बंद राहिलं, तर तो त्यांचा खाडा नव्हे.

तिसरी, यंत्र घरात आलं तर हात एकदम काढायचे नाहीत. मशीन आलं तरी वाळत घालणं, घड्या, धान्य निवडणं, माळे झाडणं ही कामं असतातच. दर वाढवताना महिन्याची बेरीज कमी होत नाही ना, हे आधी बघायचं.

चौथी, नोंदणी. घरेलू कामगार म्हणून नोंद करायला मालकिणीने काम करत असल्याचं लिहून दिलं की बाईची सोय होते. मी लिहून दिलं. त्याला एक कागद आणि दहा मिनिटं लागली.

पाचवी, शेजारणींशी बोलणं. एका घराने वाढवलं आणि बाकी तिघींनी 'तुम्ही भाव वाढवून ठेवलात' म्हणून तोंड फिरवलं, तर उपयोग नाही. आमच्या आळीत दोघी तयार झाल्या आहेत. एकीचं मन अजून होत नाही.

मी मावशींना बोलावून घेतलं आणि बाराशे ठरवले. त्या आल्या, बसल्या, आणि मी चहा पुढे केला तेव्हा म्हणाल्या, "बाराशे खरं ना वैनी? परत आठशे नाही न्हवं?" त्या हसत होत्या, पण मला ते चांगलंच लागलं.

यजमानांनी विचारलं, "आणि वरचे तीनशे कुठून आणणार?" मी म्हटलं, "माझ्या चार तासांतून." म्हणजे कमी पगाराची एक बाई दुसरीला देणार. हे काही खरं उत्तर नव्हे, हे मलाही कळतं. म्हणून शाळेत आम्ही लेखी अर्ज दिला आहे. दर वाढवावा आणि तास कमी करू नयेत, अशी दोन्ही वाक्यं मी एकाच ओळीत लिहिली. पाचांपैकी तिघींनी सह्या केल्या. दोघी घाबरल्या, त्यांना मी दोष देत नाही. उत्तर अजून आलेलं नाही.

आणि हो, दीरांच्या बागेत या हंगामात खुरपणीला बाई आणि गडी एकाच दराने लावायचे, असं सासूबाईंनी फर्मान काढलं आहे. दीर कुरकुरत आहेत. पण सासूबाईंपुढे आमच्या घरात कोणाचं चालत नाही!